तहम्मुल आणि फावडं

(खालिद होसेनी यांच्या ‘अ थाउजंड स्प्लेंडिड सन्स’ या कादंबरीवर कार्यकर्त्यांच्या वाचनवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आज ज्या कादंबरीबद्दल बोलायचं ठरलं आहे ती तुमच्यापैकी अनेकींनी वाचलेली आहे, कुणी इंग्रजीत, कुणी मराठी अनुवादात. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी आधी गोष्ट थोडक्यात सांगते. शेवटही सांगणार आहे, कारण आपल्याला चर्चा करायची आहे ती शेवटाबद्दलच.

अफगाणिस्तानातल्या हेरात शहराजवळ एका खेड्याबाहेर मरियम आपल्या आईबरोबर खोपटात राहते. आईचं नाव नाना. आपल्याकडच्या नानांशी गल्लत करू नका, ही बाई आहे. नाना जलील नावाच्या श्रीमंत माणसाकडे घरकामाला होती. जलीलचं शहरात सिनेमाचं थिएटर, घरी तीन बायका. नानाला त्याच्यापासून दिवस गेले तेव्हा वाड्यातून उचलून तिला या खोपटात आणून ठेवलं. जलील दर आठवड्याला येतो, मुलीला गोष्टी सांगतो, लहानसहान भेटी देतो, आणि जातो. पंधराव्या वर्षी मरियम हट्टाने बापाच्या दारात जाते. बाप घरात असूनही दार उघडत नाही. ती रात्र ती दारापुढे रस्त्यावर काढते. परत येते तो आईने झाडाला गळफास घेतलेला असतो. मग जलीलच्या तिन्ही बायका मिळून मरियमचं लग्न काबूलमधल्या रशीदशी लावून देतात. रशीद जोडे शिवणारा कारागीर, वय पंचेचाळीसच्या पुढे.

दुसरी नायिका लैला. रशीदच्याच गल्लीत राहणाऱ्या, पूर्वी शिक्षक असलेल्या माणसाची मुलगी. शाळेत हुशार. तारिक हा तिचा बालमित्र, सुरुंगाच्या स्फोटात एक पाय गमावलेला. 1992 मध्ये मुजाहिदीन गटांची आपापसात लढाई जुंपते, तारिकचं कुटुंब देश सोडतं आणि लैलाचे आईवडील रॉकेट पडून मरतात. चौदा वर्षांच्या लैलाला तारिकपासून दिवस गेलेले आहेत. रशीद पैसे देऊन एका माणसाकडून तिला तारिक मेल्याची खोटी बातमी पोचवतो. पोटातल्या मुलासाठी लैला साठी ओलांडलेल्या रशीदशी लग्न करते. अशा रीतीने मरियम आणि लैला एका छताखाली येतात, एकीच्या वाट्याची भाकरी दुसरीने हिरावून घेतल्यासारख्या.

पुढे तारिक जिवंत परत येतो. रशीद लैलाचा गळा आवळत असताना मरियम फावडं उचलते. रशीद मरतो. मरियम लैलाला, मुलांना आणि तारिकला पाकिस्तानात पाठवते आणि स्वतः गुन्हा कबूल करते. तालिबानच्या राजवटीत काबूलच्या गाझी स्टेडियममध्ये तिला जाहीर मृत्युदंड दिला जातो.

ही गोष्ट. आता तिच्यातल्या काही वस्तू आणि काही शब्द घेऊन आपण बोलू. अफगाण बाईवरचं पुस्तक म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे निळा बुरखा येतो. माझं म्हणणं असं आहे की या कादंबरीचा अर्थ बुरख्यापाशी शोधायला गेलो तर तो हाती लागणार नाही. तो खडे, चहाचा कप, तान्ह्या बाळाचे कपडे, फावडं असल्या घरातल्या वस्तूंमध्ये आहे.

आपल्या ओळखीचे शब्द

अफगाणिस्तानातली दरी भाषा म्हणजे फारसीच. आपल्या मराठीत फारसीतून आणि फारसीमार्फत अरबीतून शेकडो शब्द आलेले आहेत. त्यामुळे इंग्रजी वाचकाला जे शब्द परके वाटतात ते आपल्याला घरचे वाटतात. बुरखा, हमाम, तंदूर, बाग, शहर. आणि हरामी.

कादंबरी ‘हरामी’ या शब्दापासूनच सुरू होते. पाच वर्षांच्या मरियमच्या हातून आईच्या चिनी मातीच्या चहाच्या संचातलं साखरेचं भांडं पडून फुटतं, आणि संतापलेली नाना तिला हा शब्द ऐकवते. मराठीत आपण हा शब्द लबाड माणसासाठी शिवी म्हणून वापरतो, त्याचा मूळ अर्थ पुसट झालेला आहे. मरियमच्या बाबतीत तो अर्थ पूर्ण जिवंत आहे: लग्नाबाहेर जन्मलेलं मूल, ज्याला असण्याचाच हक्क नाही. गुन्हा जलीलचा, पण जलीलची अब्रू शाबूत राहते. शब्द चिकटतो तो मुलीला.

लहान मरियम खडे मांडून एक खेळ खेळते. जलीलच्या तीन बायकांच्या मुलांसाठी खड्यांच्या तीन रांगा, आणि बाजूला चौथ्या रांगेत एकच खडा, तो म्हणजे ती स्वतः. घराची, वारसाची, हक्काची रांग म्हणजे काय हे त्या पोरीला कुणी शिकवलेलं नाही, तरी तिला ते कळलेलं आहे. हा एकटा खडा लक्षात ठेवा. खडे पुढे पुन्हा येणार आहेत.

दुसरा शब्द ‘तहम्मुल’. हा मराठीत आलेला नाही, पण त्याला आपल्याकडे चोख प्रतिशब्द आहे: सोसणं. मरियमला शाळेत जायचं असतं. तिला कुराण शिकवणारे वृद्ध मुल्ला फैजुल्ला तिच्या बाजूने बोलतात, पण नाना ते धुडकावून लावते. आपल्यासारख्या बायकांना एवढी एकच विद्या पुरे, असं तिचं मत: तहम्मुल.

नानाचा राग करणं सोपं आहे. ती कडवट आहे, मुलीला टोचून बोलते. पण तिने जे पाहिलं तेच ती मुलीला देते आहे. आपल्याकडे स्थळ सांगताना ‘मुलगी सोशिक आहे’ हे वाक्य किती कौतुकाने म्हटलं जातं ते आठवा. सोसणं हा स्वभाव नसतो. ते शिकवलं जातं, आणि बहुतेक वेळा आईच ते शिकवते, कारण मुलीला मारापासून वाचवायचा दुसरा मार्ग तिला माहीत नसतो. तहम्मुलचं शिक्षण घेऊन मरियम काबूलला जाते आणि अठरा वर्षं रशीदच्या घरात एकटी ते वापरते.

या काळात ती सात वेळा गरोदर राहते आणि सातही वेळा गर्भ पडतो. पहिला तर बायकांच्या हमामखान्यात. मूल होत नाही तसा रशीद बदलत जातो, किंवा मुळात होता तसा दिसू लागतो. एका रात्री भात नीट शिजला नाही म्हणून तो अंगणातले खडे आणून तिच्या तोंडात कोंबतो आणि चावायला लावतो. तिच्या दाढा तुटतात. लहानपणी मरियमने खडा मांडून आपली जागा सांगितली होती, आता तेच खडे तिला जागा दाखवून देतात. या प्रसंगात शस्त्र नाही, दारू नाही, कुठलाही फतवा नाही. एक नवरा आहे, जेवणाचं ताट आहे आणि अंगणातले खडे आहेत.

बाहेर राजवटी बदलतात

आता तारखांकडे पाहू. होसेनी यांनी दोघींच्या आयुष्याच्या तारखा देशाच्या इतिहासाला मुद्दाम जोडलेल्या आहेत.

मरियमचा जन्म 1959 चा. त्याच वर्षी पंतप्रधान दाऊद यांच्या कारकिर्दीत राजघराण्यातल्या आणि मंत्र्यांच्या घरातल्या स्त्रिया काबूलमधल्या जाहीर समारंभात बुरख्याशिवाय उभ्या राहिल्या. 1964 च्या राज्यघटनेने अफगाण स्त्रियांना मताचा हक्क दिला. मरियम तेव्हा खोपटात होती. लैलाचा जन्म एप्रिल 1978 मधला, कम्युनिस्टांनी सत्ता घेतली त्या रात्रीचा. त्याच वर्षी नव्या सरकारने हुकूम काढून वधूमूल्यावर मर्यादा घातली आणि मुलीच्या लग्नाचं किमान वय सोळा ठरवलं. खड्यांचा प्रसंगही त्याच सुमाराचा आहे. हुकूम काबूलमध्ये निघाला आणि मरियमही काबूलमध्येच होती, पण तो तिच्या उंबऱ्याच्या आत आला नाही.

1994 मध्ये मरियम, लैला आणि लहानगी अझीझा पळून जाण्याचा प्रयत्न करतात. बसच्या तळावर पुरुष सोबत नसल्याने एका अनोळखी माणसाला नातेवाईक म्हणून उभं करतात. तो पैसे घेतो आणि त्यांना पकडून देतो. पोलीस ठाण्यातल्या अधिकाऱ्याला लैला सांगते की घरी पाठवलं तर आमचं काय होईल. त्याचं उत्तर आपल्यापैकी ज्या ज्या कुणी रात्री-अपरात्री एखाद्या बाईला घेऊन ठाण्यात गेल्या आहेत त्यांना पाठ आहे: ही घरगुती बाब आहे, आम्ही मध्ये पडत नाही. आणि तेच पोलीस दोघींना नवऱ्याच्या स्वाधीन करतात. म्हणजे मध्ये पडतातच, फक्त नवऱ्याच्या बाजूने. घरी नेल्यावर रशीद लैलाला आणि मुलीला अंधाऱ्या खोलीत आणि मरियमला अवजारांच्या खोलीत अन्नपाण्याविना कोंडतो.

लक्षात घ्या, हे साल 1994 आहे. तालिबानने काबूल घेतलं सप्टेंबर 1996 मध्ये. म्हणजे कादंबरीतला सर्वांत मोठा विश्वासघात तालिबान येण्याच्या आधीचा आहे. ‘तालिबान आले आणि बायकांचे हाल सुरू झाले’ असं सोपं समीकरण मांडणाऱ्यांना ही कादंबरी नीट वाचलेली नाही असंच म्हणावं लागेल.

मग सगळ्या राजवटी सारख्याच का? तसंही नाही. लैला शाळेत गेली ती त्याच ऐंशीच्या दशकात. शिक्षित मुलीला तेव्हा काबूलमध्ये वाव आहे असं तिचे वडील तिला सांगत असतात. तिला ‘नाही’ म्हणता येतं, कारण कुणीतरी तिला माणूस म्हणून वाढवलेलं आहे. पुढे तालिबानच्या काळात लैलाचं दुसरं बाळंतपण येतं. काबूलच्या राबिया बाल्खी रुग्णालयात भूल देण्याचं औषध नाही, डॉक्टरीणबाई बुरखा बाजूला ठेवून तिचं पोट फाडतात आणि कुणी येत नाही ना हे पाहायला नर्स दारात उभी राहते. रुग्णालयाला नाव आहे दहाव्या शतकातल्या एका कवयित्रीचं, जिला भावाने मारल्याची कथा सांगितली जाते. हा फरक राजवटीने घडवलेला आहे. मी असं मांडीन: घराच्या भिंती रशीद बांधतो, पण त्या भिंतींना दार असेल की नाही हे राज्य ठरवतं. तालिबानने काय केलं, तर जी काही दारं होती ती बंद केली आणि रशीदचा कायदा देशाचा कायदा केला.

बुरखा

बुरख्याबद्दलही कादंबरी सरळ उत्तर देत नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. मरियमला बुरखा घालायला लावतो तो रशीद, 1974 मध्ये, कायद्याने सक्ती नसताना. स्वतःच्या खणात तो नग्न बायकांची चित्रं असलेली मासिकं ठेवतो, आणि आपल्या बायकोचं तोंड दुसऱ्या पुरुषाला दिसू नये यात त्याची इभ्रत आहे. सुरुवातीला मरियमचा त्यात जीव घुसमटतो. पण हळूहळू तिला त्यात एक आडोसाही मिळतो. लोकांच्या नजरेत आपला भूतकाळ दिसणार नाही, आपल्याला कुणी ओळखणार नाही. लैलालाही पुढे असाच अनुभव येतो. शाळेतली हुशार मुलगी आज कुणाची बायको होऊन कशी राहते आहे, हे जुन्या ओळखीच्यांना दिसू नये असं तिला वाटतं.

यातून बुरखा चांगला ठरत नाही. बाईला कापडाचा आडोसा हवासा वाटावा इतकी बाहेरची नजर विखारी आहे, एवढंच त्यातून कळतं. आपल्याकडे डोक्यावरचा पदर, घुंघट यांच्याबद्दल बायका हेच सांगतात.

इथे आणखी एक गोष्ट बोललीच पाहिजे. नोव्हेंबर 2001 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांनी नभोवाणीवर भाषण करून अफगाण स्त्रियांच्या स्थितीकडे लक्ष वेधलं, आणि स्त्रियांची मुक्ती हे युद्धाचं एक समर्थन झालं. लैला अबू-लुगोद या मानववंशशास्त्रज्ञ स्त्रीने 2002 मध्ये एक गाजलेला लेख लिहून त्यावर प्रश्न उभा केला: मुस्लिम स्त्रियांना कुणी बाहेरून येऊन वाचवण्याची गरज आहे का? आपल्या देशात हाच धोका वेगळ्या रूपात आहे. अशी पुस्तकं वाचून ‘त्यांच्यात असंच असतं’ असं म्हणत आपल्या शेजारच्या वस्तीकडे बोट दाखवणारे आपल्याला भेटतात. त्यांना मुल्ला फैजुल्ला दाखवा. संपूर्ण कादंबरीत मरियमशी निखळ मायेने वागणारा पहिला माणूस हा कुराण शिकवणारा म्हातारा आहे. आणि त्यांना रशीदही दाखवा, जो धर्म वापरतो तो सोयीपुरता. असा रशीद प्रत्येक जातीधर्मात मिळेल.

सवतींची मैत्री

आता मी या कादंबरीच्या गाभ्याकडे येते. मराठीत ‘सवत’ म्हटलं की काय आठवतं? कहाण्यांतल्या, ओव्यांतल्या, सिनेमातल्या सवती. बाईचा सर्वांत मोठा शत्रू बाईच, हे पटवून देण्यासाठी हा शब्द फार कामाला आलेला आहे. कादंबरीतही सुरुवात तशीच होते. मरियम लैलाचा दुस्वास करते, कामाची वाटणी करून देते, घालून पाडून बोलते. रशीद एकीसमोर दुसरीला कमी लेखतो, कारण दोघींचं भांडण हीच त्याच्या राज्याची ताकद आहे.

हे तुटतं कशाने? एका रात्री रशीद पट्टा घेऊन मरियमला मारायला येतो आणि लैला त्याचा हात धरून ठेवते. मरियमच्या आयुष्यात तिच्या बाजूने मध्ये पडलेलं हे पहिलं माणूस. काही दिवसांनी मरियम लैलाच्या मुलीसाठी कपडे आणून देते. स्वतःच्या कधी न जन्मलेल्या बाळांसाठी तिने ते शिवले होते. मग दोघी अंगणात बसून चहा पितात, हलवा खातात. रोज काम आटोपल्यावर एवढंच.

हा चहा मला कादंबरीतली सर्वांत मोठी खूण वाटते. ज्या चहाच्या संचातलं भांडं फुटलं म्हणून मरियमला ‘हरामी’ हा शब्द ऐकावा लागला, तो चहा इथे तिला बरोबरीने बसून प्यायला मिळतो. आणि ते कपडे म्हणजे तिने पुरून ठेवलेलं दुःख, जे आता एका जिवंत मुलीच्या अंगावर चढतं. इथे ना घोषणा आहे ना भाषण. सोसणं एकटीचं होतं तोवर ते तहम्मुल होतं. दोघींनी एकमेकींचं सोसणं पाहिलं, आणि त्या दिवसापासून त्याचं रूप बदललं. आपल्या बैठका कुठल्या तरी अंगणात, चहाच्या कपांभोवतीच सुरू झाल्या होत्या हे जुन्या मैत्रिणींना सांगायला नको.

फावडं आणि सही

ज्या दिवशी रशीद लैलाचा गळा दाबतो, त्या दिवशी मरियम अवजारांच्या खोलीतून फावडं आणते. याच खोलीत तिला एकदा कोंडलेलं होतं. पहिला घाव बसल्यावर रशीदच्या डोळ्यांत तिला दिसतं की हा आता दोघींनाही जिवंत सोडणार नाही. मग ती फावड्याची धार समोर करते. आपल्या आयुष्याचं आपण काही ठरवतो आहोत, हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा जाणवतं.

तुरुंगातल्या बायका बहुतेक करून घरातून पळाल्याच्या गुन्ह्यासाठी आत आहेत. मरियम आपला जबाब मान्य करून कागदावर सही करते. त्याआधी तिने कागदावर सही केली होती ती सत्तावीस वर्षांपूर्वी, जलीलच्या घरी, निकाहच्या वेळी. साक्षरतेच्या कामात असलेल्या मैत्रिणींनी या दोन सह्यांकडे जरूर पाहावं. अक्षर येऊन उपयोग काय, जर सही फक्त लग्नाच्या आणि मरणाच्या कागदावर करायची असेल?

स्टेडियमचा प्रसंग कल्पनेतला असला तरी तसा प्रसंग खरोखर घडला होता. 16 नोव्हेंबर 1999 रोजी काबूलच्या याच गाझी स्टेडियममध्ये झरमीना नावाच्या, मुलं असलेल्या बाईला नवऱ्याच्या खुनाच्या आरोपावरून हजारो लोकांसमोर गोळी घालण्यात आली. ‘रावा’ या अफगाण स्त्रियांच्या क्रांतिकारी संघटनेच्या कार्यकर्तीने बुरख्याखाली कॅमेरा लपवून त्याचं चित्रण केलं. जगाने ते पाहिलं ते त्यामुळे. ही संघटना मीना केश्वर कमाल यांनी 1977 मध्ये काबूलला स्थापन केली आणि 1987 मध्ये क्वेट्टा इथे मीनांची हत्या झाली. कापड तेच, बुरख्याचं. पण त्याखालून एका बाईने साक्ष नोंदवली.

आता वादाचा मुद्दा. मरियमने लैलाबरोबर पळून का जाऊ नये? लैला तिला विनवते. मरियम म्हणते की ते आपल्याला शोधत येतील, मुलांना धोका होईल. कादंबरी तिच्या मरणाला प्रेमाचं, सार्थकतेचं तेज देते. नको असलेली म्हणून जगात आलेली मुलगी कुणाची तरी आई, सखी, रक्षणकर्ती होऊन जाते. वाचताना डोळ्यांत पाणी येतंच. पण आपल्याला विचारायला हवं: हा त्याग म्हणजे तहम्मुलचंच उदात्त रूप तर नाही ना? बाईने मरून दुसऱ्यांचं भलं करावं आणि आपण तिची आरती करावी, या जुन्या वाटेवर लेखक शेवटी आला का? लैलाला मात्र प्रियकर, मुलं, सुखाचं घर सगळं मिळतं.

मला स्वतःला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं. फावडं उचलणं ही मरियमची निवड आहे, तो त्याग नाही. ती तिच्या आईच्या शिकवणुकीविरुद्ध आहे. पण त्यानंतरचं मरण ही निवड म्हणता येत नाही, कारण ज्या देशात स्वसंरक्षणाला कायदा नाही, आश्रयाला घर नाही, पुरुषाशिवाय रस्ता नाही, तिथे निवडण्यासारखं दुसरं काही शिल्लकच नव्हतं. तिच्या मरणाचं कौतुक करण्यापेक्षा ती जागा रिकामी का होती हे विचारणं आपलं काम आहे.

पुस्तकानंतर

होसेनी पुरुष आहेत. 1965 मध्ये काबूलला जन्मले, 1976 मध्ये कुटुंबाबरोबर देशाबाहेर गेले, पुढे अमेरिकेत डॉक्टर झाले. ही कादंबरी 2007 मध्ये आली. पुरुषाने, तेही दूर राहून, बायकांचं दुःख लिहावं का, असा प्रश्न काही जणी विचारतात. लिहावं, असं माझं उत्तर. पण त्यावर आपण थांबू नये. हेरातची कवयित्री नादिया अंजुमन तालिबानच्या पहिल्या राजवटीत शिवणवर्गाच्या नावाखाली चालणाऱ्या एका गुप्त साहित्यवर्गात जात असे. पिशवीत कापड आणि सुई, खाली वही. 2005 मध्ये तिचा कवितासंग्रह आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवऱ्याच्या मारहाणीनंतर ती मेली. तेव्हा काबूलमध्ये तालिबान नव्हते. 2009 मध्ये स्त्रियांवरील हिंसाचाराच्या बावीस प्रकारांना गुन्हा ठरवणारा कायदा झाला, तरी 2012 मध्ये मानवी हक्क संघटना ह्यूमन राइट्स वॉचने नोंदवलं की घरातून पळणं यांसारख्या ‘नैतिक गुन्ह्यां’साठी सुमारे चारशे स्त्रिया आणि मुली तुरुंगात आहेत.

कादंबरीच्या शेवटी, 2003 मध्ये, लैला काबूलला परतून अनाथाश्रमात मुलांना शिकवते. तिला पुन्हा दिवस गेले आहेत. घरातले सगळे नाव शोधण्याचा खेळ खेळतात, पण फक्त मुलाचं. मुलगी झाली तर नाव आधीच ठरलेलं आहे: मरियम. ‘हरामी’ या शब्दाने सुरू झालेली गोष्ट एका नावाशी येऊन थांबते.

ती मुलगी खरी असती तर ऑगस्ट 2021 मध्ये तालिबान परत आले तेव्हा अठराएक वर्षांची असती. त्यांनी सप्टेंबर 2021 मध्ये मुलांच्या माध्यमिक शाळा उघडल्या, मुलींच्या नाही. मार्च 2022 मध्ये मुली शाळेत पोचल्या आणि त्याच दिवशी त्यांना घरी पाठवलं. डिसेंबर 2022 मध्ये विद्यापीठं आणि स्वयंसेवी संस्थांतल्या नोकऱ्या बंद झाल्या. जुलै 2023 मध्ये ब्यूटी पार्लरं. ऑगस्ट 2024 च्या कायद्याने चारचौघांत बाईचा आवाजही झाकायचा ठरवला. डिसेंबर 2024 मध्ये नर्स आणि सुईणीचं शिक्षणही थांबवलं. राबिया बाल्खी रुग्णालयातला तो प्रसंग आठवा आणि सुईणी शिकल्या नाहीत तर बाळंतपणं कोण करणार याचा विचार करा. जुलै 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने तालिबानच्या सर्वोच्च नेत्यावर आणि सरन्यायाधीशावर स्त्रियांच्या छळाच्या आरोपावरून अटकेचं वॉरंट काढलं. लिंगाधारित छळ हा मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हणून या पातळीवर मांडला गेला, ही त्या बायकांनी स्वतः गोळा केलेल्या साक्षींचीही कमाई आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, होसेनी वाचा आणि त्यानंतर अफगाण बायकांनी स्वतः लिहिलेलंही वाचा. 2022 मध्ये अठरा अफगाण लेखिकांच्या कथांचा ‘माय पेन इज द विंग ऑफ अ बर्ड’ हा संग्रह इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यातल्या एक-दोन कथा मराठीत आणून पुढच्या अंकात देता येतील का, हे आज आपण ठरवू शकतो.

चर्चेसाठी मी दोनच प्रश्न ठेवते. मरियमच्या पोलीस ठाण्यात तुम्ही तिच्याबरोबर असता तर तिला कुठे नेलं असतं? आणि तुमच्या गावात, तुमच्या तालुक्यात, आज रात्री एखादी मरियम निघाली तर तिला नेण्यासारखी जागा आहे का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर कल्पनेचं आहे. दुसऱ्याचं उत्तर प्रत्येकीने पत्त्यासह द्यावं.